दहा मीटर एअर पिस्तूल घेताना पैसे कुठे फसतात

पॅरिसला २०२४ मध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तुलात कांस्य घेतलं. त्याआधी कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण आणलं होतं. अशा बातम्या वाचून मूल रेंजवर जायला लागतं आणि दोन-तीन महिन्यांत घरी विषय निघतो, की आता स्वतःचं पिस्तूल घेऊ या. हौस खरी असते आणि पैसेही मोठे असतात. स्पर्धेचं परदेशी पिस्तूल लाखाच्या वर जातं, त्यावर हवेचा सिलिंडर, पेटी, छर्रे हा खर्च वेगळा. एवढं करून सहा महिन्यांनी ते कपाटात पडलेलं दिसलं की वाईट वाटतं, आणि बहुतेक वेळा दोष पिस्तुलात नसतोच. ते त्या हाताचं नसतं, किंवा त्याची हवा, त्याचा ट्रिगर, त्याचे कागद यांतलं काहीतरी पैसे देण्याआधी तपासायचं राहून गेलेलं असतं.

म्हणून पहिली गोष्ट: निदान तीन महिने क्लबच्या पिस्तुलावर सराव करा. ठाण्याहून दादरला उतरून शिवाजी पार्कच्या सावरकर स्मारकातल्या रेंजवर जा, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जा, किंवा घराजवळच्या एखाद्या छोट्या रेंजवर जा. वाशी-नेरुळकडून हार्बरने कुर्ला आणि तिथून दादर असा प्रवास आठवड्यातून तीनदा करूनही मुलाचा उत्साह टिकतोय का, हेही त्यातच कळतं. त्या काळात दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांची पिस्तुलं हातात येतात. तळहाताला कोणतं बसतं, वजन पुढे झुकलेलं आवडतं की मागे, हे वाचून कळत नाही.

दिसायला पिस्तूल, रेंजवर निरुपयोगी

सगळ्यात जास्त निराशा ऑनलाइन मागवलेल्या सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणाऱ्या, पिस्तुलांची होते. खऱ्या पिस्तुलासारखं दिसणारं, १२ ग्रॅमची कॅप्सूल बसणारं आणि स्टीलचे छोटे गोळे, म्हणजे बीबी, मारणारं. त्याची नळी बहुधा गुळगुळीत असते, आत आटे नसतात. आट्यांशिवाय गोळीला फिरकी मिळत नाही आणि दहा मीटरवर ती कुठेही जाते. शिवाय स्टीलचे बीबी पत्र्यावर आपटून उलटे येतात, म्हणून रेंजवर ते चालवूच देत नाहीत. सीओटूचा दाब तापमानावर अवलंबून असतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये एक वेग आणि एसी हॉलमध्ये दुसरा, म्हणजे नेम धरायची साईट रोज नव्याने लावायची. आणि घराच्या संरक्षणासाठी म्हणून कोणी असलं पिस्तूल घेत असेल तर स्पष्ट सांगावंसं वाटतं की ते त्या कामाचं नाही. उलट ते हातात दिसलं तर समोरचा माणूस किंवा पोलीस ते खरं समजूनच वागणार.

स्प्रिंगवाली स्वस्त पिस्तुलं थोडी बरी, कारण नळीला आटे असतात. पण आतला पिस्टन धडकन पुढे जातो तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो आणि पिस्तूल हललेलं असतं. नवशिक्याला आपण चुकलो की पिस्तूल उडालं, हे समजत नाही. एका दमात हवा दाबायची सिंगल स्ट्रोक पिस्तुलं याहून कितीतरी चांगली. त्यांना धक्का जवळजवळ नसतो आणि सिलिंडरची कटकटही नाही. पण प्रत्येक गोळीला लिव्हर पूर्ण ओढून बंद करावी लागते. सामन्याच्या साठ गोळ्या आणि सरावाच्या पंधरा-वीस धरल्या तर बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा खांदा शेवटच्या वीस गोळ्यांत थकतो. मोठ्या माणसाला छंद म्हणून खेळायचं असेल तर हा पर्याय उत्तम आहे.

स्पर्धा खेळायची असेल तर आधीच भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारं, म्हणजे पीसीपी मॅच पिस्तूलच लागतं. स्टायर, वॉल्थर, मोरिनी, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी ही नावं रेंजवर रोज ऐकू येतात. यांतलं कोणतंही वाईट नाही. एक चूक मात्र टाळा. याच वर्गात पाच गोळ्या भरून एकामागोमाग मारायची पिस्तुलं मिळतात. ती वेगळ्या प्रकारच्या स्पर्धेसाठी आहेत. नेहमीच्या दहा मीटरच्या साठ गोळ्यांना एक गोळीवालंच पुरतं. पाचवाल्यावर जास्त पैसे घालून गुण एकानेही वाढत नाहीत.

ग्रिप: निराशेचं घर

ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, एक्स्ट्रा स्मॉलपासून एक्स्ट्रा लार्जपर्यंत मापांत येते, आणि उजव्या-डाव्या हाताची वेगळी असते. दुकानात साधारणपणे मीडियम उजवी पडलेली असते आणि तीच गळ्यात मारली जाते. कंपनी बदलली की मापही बदलतं. एकाची मीडियम दुसऱ्याच्या स्मॉलएवढी असू शकते. ऑर्डर देताना ए-फोर कागदावर हात सपाट ठेवून बोटं किंचित फाकवून बाह्यरेषा काढा. मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या घडीपर्यंतची लांबी आणि अंगठा सोडून तळव्याची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा, आणि हा कागद विक्रेत्याला पाठवून त्याच कंपनीच्या तक्त्यावर माप ठरवा.

हातात घेतल्यावर तपासायची रीत अशी. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून, लक्ष्याच्या दिशेने उभे राहा. ग्रिप धरा, डोळे मिटा, हात वर घेऊन स्थिर करा आणि मग डोळे उघडा. पुढची साईट मागच्या खाचेत मधोमध दिसली पाहिजे. दहा वेळा करा. सात-आठ वेळा ती एकाच बाजूला सरकलेली दिसत असेल तर ग्रिप मनगटाला वळवते आहे. साईटचे स्क्रू फिरवून हे सुटत नाही, कारण थकल्यावर मनगट आपल्या नैसर्गिक जागी परत जातं आणि गोळ्या त्याच बाजूला जायला लागतात.

दुसरी खूण ट्रिगरवरच्या बोटाची. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर यावा आणि बाकीचं बोट लाकडाला कुठेही टेकू नये. टेकलं तर बोट दाबताना ग्रिपही ढकलली जाते. ट्रिगर पुढे-मागे सरकवता येतो, पण तो अगदी मागे आणूनही बोट ओढून-ताणून पोचत असेल तर ग्रिप मोठी आहे. तळहाताखालची फळी करकचून आवळू नका. हात आरामात शिरावा आणि एखाद-दोन मिलिमीटर फट राहावी, नाहीतर अर्ध्या तासात बोटं बधिर होतात.

ग्रिप थोडी मोठी असेल तर घासता येते, थोडी लहान असेल तर भरता येते. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात आणि २४० ने शेवट. भरायला हार्डवेअरच्या दुकानातलं एम-सील किंवा लाकडाची पुट्टी चालते. एका वेळी एक मिलिमीटरपेक्षा जास्त बदल नको, आणि प्रत्येक बदलानंतर निदान चार-पाच सराव सत्रं जाऊ द्या. इथे एक खड्डा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पिस्तूल सगळं मिळून ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसावं लागतं आणि वजन १५०० ग्रॅमच्या आत असावं लागतं. पुट्टीचा फुगवटा ५० मिलिमीटरच्या बाहेर गेला की तपासणीत पिस्तूल अडतं. ग्रिपचा कोणताही भाग मनगटाला वेढा घालणारा किंवा आधार देणाराही चालत नाही.

वाढत्या वयाच्या मुलासाठी पिस्तूल चांगलं घ्या आणि ग्रिप लहान घ्या. दोन वर्षांनी फक्त ग्रिप बदला. पुढे लागेल म्हणून मोठी ग्रिप घेण्याचा हिशेब शाळेच्या गणवेशाला ठीक आहे. इथे मूल दोन वर्षं चुकीचं धरायला शिकतं आणि ते विसरायला आणखी दोन वर्षं जातात.

सिलिंडरवरची तारीख

पिस्तूल अगदी नवं दिसत असलं तरी सिलिंडर जुना असू शकतो. त्याच्या अंगावर उत्पादनाचा महिना-वर्ष कोरलेलं असतं. बहुतेक युरोपीय कंपन्या त्याला दहा वर्षांची मुदत देतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी नेमबाजाचीच असते. दुकानात चार वर्षं पडून राहिलेलं पिस्तूल पूर्ण किमतीत घेतलं, तर सिलिंडरचं जवळपास निम्मं आयुष्य आधीच गेलेलं असतं. तारीख वाचा, तिचा फोटो काढा आणि बिलावर सिलिंडरचा नंबर लिहून घ्या.

भरण्याची क्षमता साधारण २०० बार (हवेच्या दाबाचं एकक) असते. स्कूबाच्या, म्हणजे पाणबुडे वापरतात तसल्या, मोठ्या टाकीतून अडॅप्टर लावून भरतात. टाकीत १६० बार उरले असतील तर तुमच्या सिलिंडरला त्यापेक्षा जास्त मिळणार नाही, आणि पिस्तुलाच्या माथी उगाच गळतीचा आळ येतो. घाईने भरलं की हवा तापते, काटा २०० दाखवतो आणि दहा मिनिटांनी थंड झाल्यावर खाली येतो. हीसुद्धा गळती नव्हे. वाल्व अगदी थोडा उघडून सावकाश भरा.

खरी गळती अशी शोधा. सिलिंडर भरून थंड होऊ द्या, काट्याचा फोटो काढा, पिस्तुलाला लावून २४ तास ठेवा. मग सिलिंडर काढून वेगळा ठेवा आणि पुन्हा २४ तास बघा. पहिल्यात दाब पडला आणि दुसऱ्यात नाही, तर दोष पिस्तुलाच्या सीलमध्ये. दोन्हींत पडला तर सिलिंडरच्या वाल्वमध्ये. ओ-रिंग, म्हणजे सीलचं गोल कडं, ही किरकोळ वस्तू आहे, पण नेमक्या मापाची लागते. हार्डवेअरमधली साधारण तशी दिसणारी घालू नका. आणि हवेच्या मार्गात साधं तेल किंवा वंगण कधीही घालू नका. दाबाखालच्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकतं. कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीसच वापरा.

हातपंपाबद्दल आपल्या हवेत जास्त सावध राहायला हवं. जून ते सप्टेंबर खाडीलगतच्या हवेतली वाफ पंपातून दाबली गेली की पाणी होऊन सिलिंडरमध्ये आणि दर गोळीला सारखा दाब देणाऱ्या रेग्युलेटरमध्ये जातं. वर्षभराने वेग वर-खाली होऊ लागतो आणि कारण लक्षात येत नाही. पंप वापरायचाच असेल तर सुकवणी फिल्टर असलेला घ्या आणि त्यातले दाणे रंग बदलले की लगेच बदला. आमच्या मते ठाण्या-वाशीत राहणाऱ्याने पंपाचे पैसे वाचवून दुसरा सिलिंडर घ्यावा. एका भरणीत साधारण दीडशेच्या आसपास गोळ्या निघतात. दोन सिलिंडर असले की आठवड्याचा बराचसा सराव निघून जातो.

ट्रिगर आणि वेग

एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा, हा नियम आहे. सामन्यानंतर अचानक होणाऱ्या तपासणीत तो कमी भरला तर थेट बाद. दुकानातून आलेला किंवा आधीच्या मालकाने हलका केलेला ट्रिगर ४८० ग्रॅमचा असू शकतो आणि हातात घेतल्यावर तो छानच वाटतो! रेंजवर कोचसमोर तपासा. छर्रा नाही, पण हवा भरलेली, कारण तपासणीही तशीच होते. नळी सरळ वर उभी. वजनाचा आकडा ट्रिगरच्या मध्यावर अडकवून वजन जमिनीवरून सावकाश उचलायचं. ठोकळा नसेल तर पाण्याची बाटली, दोरी आणि आकडा मिळून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५१५ ग्रॅम करून घ्या. ट्रिगर न सुटता ते तीनदा उचललं गेलं तर निश्चिंत व्हा. काठावरच्या ५०० वर ठेवू नका.

ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो: आधी सुरुवातीची ओढ, मग गोळी सुटेपर्यंतचा शेवटचा दाब. पहिल्या टप्प्याचं वजन आणि दुसऱ्याचं वजन वेगवेगळं लावता येतं. स्क्रू फिरवताना किती फेरे फिरवले ते लिहून ठेवा, म्हणजे जुन्या जागी परत येता येतं.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर अतिशय गुळगुळीत असतो. पण त्याला बॅटरी आहे, सर्किट आहे आणि दुरुस्तीला जाणकार लागतो. टोकियो ऑलिंपिकला, २०२१ च्या जुलैमध्ये, मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरी चालू असताना बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. त्या पातळीवर राखीव पिस्तूल आणि तंत्रज्ञ हाताशी असतात. जिल्हा स्पर्धेत तुमच्याकडे यांतलं काही नसतं. पहिलं पिस्तूल यांत्रिक ट्रिगरचं घ्यावं, यावर आम्ही ठाम आहोत.

पैसे देण्याआधी दोन चाचण्या मागा. क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, एकाच डब्यातले दहा छर्रे मारून वेग लिहा. मॅच पिस्तुलाचा वेग साधारण १४० ते १६० मीटर प्रतिसेकंद असतो. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत तीन-चार मीटरच्या आत फरक असेल तर ठीक. पाच मिनिटं थांबल्यावर पहिलीच गोळी फार वेगाने जात असेल तर रेग्युलेटर झिरपतो आहे. दुसरी चाचणी शिकंज्यात घट्ट बांधून पाच गोळ्यांची. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं. पाचही छिद्रं मिळून त्याच्या आत आरामात मावली पाहिजेत. हातात धरून मारलेल्या गोळ्यांवरून पिस्तूल पारखू नका, त्यात तुमचं मनगटही मोजलं जातं.

छिद्रांचा गट पसरला तर आधी छर्रे बदलून बघा. सपाट तोंडाचे मॅच छर्रेच हवेत, पिस्तुलाला अर्ध्या ग्रॅमच्या जरा आतले. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० असा डब्यावर छापलेला असतो आणि प्रत्येक नळीला वेगळा मानवतो. जो मानवला त्याच लॉटचे डबे एकदम घ्या. रोज ८० गोळ्या आणि आठवड्याला चार दिवस धरले तर महिन्याला साधारण १,३०० छर्रे, म्हणजे पाचशेचे तीन डबे लागतात. हा खर्च पिस्तुलाच्या बजेटमध्ये धरला नाही तर सराव आपोआप कमी होतो. छर्रे शिशाचे असतात. सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय खाण्याचा डबा उघडायचा नाही, हे मुलांना पहिल्या दिवसापासून लावा.

कागद

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर बोअरपर्यंतच्या (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. मॅच पिस्तुलाची ऊर्जा पाच-सहा ज्यूलच भरते. तरीही अनुक्रमांक लिहिलेलं जीएसटी बिल घ्याच. बिलाशिवायचं परदेशी पिस्तूल स्वस्तात मिळत असेल तर सोडून द्या. सीमाशुल्क भरल्याचा कागद नसला तर ते पुढे विकताही येत नाही आणि चौकशी झाली तर उत्तर देता येत नाही.

ठाणे आणि नवी मुंबई पोलीस आयुक्तालयांत सणावारी, निवडणुकीच्या काळात शस्त्रं बाळगण्यावर मनाई आदेश निघत असतात. पिस्तूल नेहमी कुलूपबंद कडक पेटीत, सिलिंडर वेगळा काढून, नळीत ती रिकामी असल्याचं दाखवणारा नारिंगी सेफ्टी फ्लॅग घालून न्या. सोबत बिलाची प्रत, ओळखपत्र आणि क्लबचं कार्ड ठेवा. मेट्रोच्या किंवा मॉलच्या स्कॅनरवर पेटी अडली तर ती तिथे उघडून हातात घेऊन दाखवायची नाही. आधी तोंडाने सांगायचं, कागद द्यायचे, आणि सुरक्षा कर्मचारी सांगेल तसं करायचं.

२५ मीटरच्या .२२ पिस्तुलाचा रस्ता वेगळा. ते अग्निशस्त्र आहे. अर्ज पोलीस आयुक्तांकडे, पडताळणी, परवाना, आणि मगच खरेदी. परवाना हातात नसताना आगाऊ रक्कम देऊ नका. अर्ज फेटाळला गेला तर पैसे परत मिळवताना नाकी नऊ येतात.

जुनं घेताना, आणि पावसाळ्यात

जुनं पिस्तूल घेणं वाईट नाही, उलट पहिल्यांदा तेच शहाणपणाचं ठरतं. स्क्रूंची डोकी बघा, झिजलेली असतील तर कोणीतरी आत हात घातला आहे. नळीच्या तोंडाशी ओरखडा आहे का ते नखाने आणि टॉर्चने बघा. छर्रा ठेवायच्या जागची सील दबलेली किंवा फाटलेली नाही ना, भरायचा अडॅप्टर सोबत आहे का, त्याचे आटे तुमच्या रेंजच्या टाकीला बसतात का, हे तिथेच लावून बघा. ग्रिप आधीच्या मालकाच्या हाताला घासलेली असेल तर नव्या ग्रिपची किंमत सौद्यातून वजा करा. सिलिंडर सात वर्षं जुना असेल तर नव्या सिलिंडरचीही. अनुक्रमांक, तारीख आणि दोघांच्या सह्या असलेलं विक्रीपत्र करा आणि मूळ बिल मागून घ्या.

पेटीतला फोम ओलावा धरून ठेवतो, हे घोडबंदर, ऐरोली, वाशी अशा खाडीकाठच्या घरांत फार लवकर कळतं. पावसातून आल्यावर पिस्तूल पेटीत बंद ठेवू नका. बाहेर काढा, कोरड्या सुती कापडाने पुसा, स्टीलच्या भागांवर बोटांचा घाम राहू देऊ नका, पेटी पंख्याखाली उघडी ठेवा. शंभर ग्रॅम सिलिका जेल कापडी पिशवीत घालून पेटीत ठेवा आणि दाण्यांचा रंग उतरला की कढईत मंद आचेवर सुकवा. ती कढई मात्र पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. सिलिंडर पूर्ण रिकामा न ठेवता थोडा दाब राहू द्या, म्हणजे वाल्वची सील जागेवर बसलेली राहते. नळीतून पाचशे-सातशे गोळ्यांनी फेल्टचे दोन-तीन बोळे मारा. पहिला काळा निघेल, तिसरा करडा निघाला की पुरे.